मूळ अर्थाचा हट्ट आणि एक लॅटिन शब्द

वादात माणूस अडला की शब्दाच्या मुळाशी जातो. ‘धर्म म्हणजे धृ धातूपासून, धारण करतो तो’ हे वाक्य आपण किती व्याख्यानांत ऐकलं असेल! धातू सांगून झाला की वक्ता थांबतो आणि श्रोत्यांनाही प्रश्न सुटल्यासारखं वाटतं. आज त्या शब्दाच्या नावाने कोण काय करतं, कुणाला त्याची झळ बसते, हे प्रश्न मग विचारायचेच राहून जातात. व्युत्पत्तीच्या अभ्यासाला माझा आक्षेप नाही. राजवाड्यांनी त्यासाठी रक्त आटवलं, कृ. पां. कुलकर्ण्यांनी १९४६ साली ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हातात ठेवला, आणि अशा कोशांवाचून आपण आपल्याच भाषेत आंधळे राहिलो असतो. आक्षेप आहे तो व्युत्पत्तीला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवण्याला. शब्द कुठून आला हे कळल्याने तो आज काय सांगतो हे ठरत नाही. त्याने काय सांगायला हवं, हे तर मुळीच ठरत नाही.

युरोपात हा हट्ट आपल्याइतकाच जुना आहे. ‘एटिमॉलॉजी’ या शब्दातच ‘एटिमोस’ म्हणजे ‘खरा’ हा ग्रीक शब्द बसलेला आहे. मूळ तेच खरं, अशी ती श्रद्धा. सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलच्या इसिदोर या बिशपने या श्रद्धेवर वीस भागांचा ज्ञानकोश रचला आणि जगातली प्रत्येक वस्तू तिच्या नावाच्या मुळापासून समजावून सांगितली. त्यात ‘कामेरा’ हा शब्दही आहे. इसिदोर म्हणतो, कामेरा म्हणजे आतल्या बाजूला वळलेली कमान, कारण हे नाव ‘वाकडा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. तोच कामेरा आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे. मधल्या काळात त्याने युरोपच्या भाषाभाषांत जे अर्थ घेतले, ते नीट पाहिले की मूळ अर्थाचा हट्ट किती पोकळ आहे हे दिसतं. आणखीही एक गोष्ट दिसते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

ग्रीक ‘कमारा’ म्हणजे कमानीसारखं आच्छादन असलेलं काहीही. हिरोडोटस बॅबिलोनच्या श्रीमंत बायकांबद्दल लिहितो की त्या देवळात जाताना झाकलेल्या गाड्यांतून जात. त्या गाड्यांना त्याने हाच शब्द वापरला आहे. काळ्या समुद्रावरचे चाचे ज्या होड्या वापरत, त्यांनाही हेच नाव होतं. टॅसिटसने त्या होड्यांचं वर्णन केलंय: बाजू अरुंद, पोट रुंद, जोडकामात कुठेही तांबं-लोखंड नाही. समुद्र खवळला की खलाशी काठावर फळीवर फळी चढवत जायचे, ती दोन्हीकडून वर येऊन मिटेपर्यंत. मग ती बंद होडी लाटांवर लोळत राहायची.

रोमनांनी शब्द उचलला तो बांधकामात. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला स्थपती विट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात कामेरा कशी करावी ते सांगतो. दोन फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता पट्ट्या लावाव्यात. त्या सुरूच्या जातीच्या लाकडाच्या असाव्यात, कारण फरचं लाकूड लवकर किडतं. पट्ट्यांना कमानीचा आकार देऊन त्या वरच्या पाटणीला लाकडी बंधांनी घट्ट बांधाव्यात, त्याखाली ठेचलेले बोरू स्पॅनिश गवताच्या दोरीने आवळावेत आणि मग गिलावा करावा. इथे कामेरा म्हणजे खोली नव्हे. खोलीवरचं छत. तेही दगडी नाही, बोरू आणि चुन्याचं, खालून कमानदार दिसणारं. इ. स. ५९ मध्ये नीरोने आईला मारायचं ठरवलं तेव्हा त्याने मुद्दाम मोडणारं एक जहाज बांधवून घेतलं. ते बुडावं किंवा त्याची कामेरा कोसळून आई मरावी, असा बेत होता असं स्वेटोनियस लिहितो. त्या रात्री छत कोसळलं, पण अग्रिपिना पोहून काठाला आली. पुढे मारेकरी पाठवावे लागले.

मूळ अर्थ म्हणायचा तर हा. छत. पण आज युरोपातल्या कुठल्याही मोठ्या भाषेत हा शब्द रोजच्या बोलण्यात छतासाठी उरलेला नाही. एक अपवाद ग्रीकचा, आणि तो फार बोलका आहे. आधुनिक ग्रीकमध्ये हा शब्द दोनदा आहे. मधल्या अक्षरावर आघात दिला तर ‘कमान’. थेस्सलोनिकीत गालेरियस सम्राटाची जुनी विजयकमान आहे, तिला सगळं गाव ‘कमारा’च म्हणतं आणि तरुण पोरं एकमेकांना भेटायला तिथे उभी असतात. पहिल्या अक्षरावर आघात दिला तर ‘खोली’. म्हणजे ग्रीकांचा शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथे अर्थ बदलून बसला आणि तो बदललेला अर्थ घेऊन घरी परतला. घरच्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. जुन्या शब्दाच्या शेजारीच जागा करून दिली.

छताची खोली झाली ती रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात. उत्तर फ्रान्सच्या बोलीत लॅटिनचा शब्दारंभीचा ‘का’ घासून ‘शा’ झाला, आणि ‘म’ व ‘र’ यांच्या मधे ‘ब’ शिरला. त्यातून ‘शांब्र’ आला आणि नॉर्मनांबरोबर इंग्लंडला जाऊन तो ‘चेंबर’ झाला. इटालियनने शब्द होता तसा ठेवला. तिथे झोपायची खोली आजही ‘कामेरा दा लेत्तो’. डच भाषेत ‘कामर’ म्हणजे कुठलीही साधी खोली. जर्मनमध्ये मात्र ‘कामर’ म्हणजे लहान, अडगळीची किंवा साठवणीची खोली. राहायच्या खोलीला जर्मन माणूस ‘त्सिमर’ म्हणतो, आणि त्या शब्दाचं मूळ बांधकामाच्या लाकडाशी आहे. सामान्य लोकांची घरं लाकडाची होती आणि त्यांच्या खोलीला त्यांचा स्वतःचा शब्द होता. लॅटिन शब्द जर्मन प्रदेशात वावरला तो राजाच्या कोठारापाशी आणि खजिन्यापाशी. आजही जर्मन शहराच्या खजिनदाराला ‘केमरर’ म्हणतात. १७२७ साली प्रशियाच्या राजाने हाले आणि ओडरकाठच्या फ्रांकफुर्टच्या विद्यापीठांत राज्याच्या अर्थव्यवहाराची अध्यासनं काढली. त्या शास्त्राचं नाव पडलं ‘कामेराल’ विद्या. अक्षरशः खजिन्याच्या खोलीची विद्या. अर्थशास्त्राच्या एका घराण्याचा जन्म असा कोठाराच्या दारात झाला.

इथून पुढे शब्दाचा इतिहास भिंतींचा कमी आणि दाराचा जास्त होतो. खोलीला अर्थ येतो तो आत कोण जाऊ शकतं आणि कोण नाही, यावरून. फ्रँकिश राजांच्या दरबारात खोली सांभाळणाऱ्या सेवकासाठी लॅटिन शब्दाला जर्मन प्रत्यय लागून नवं नाव तयार झालं. तो सेवक राजाच्या इतका जवळ होता की थोड्याच काळात तो अधिकारी झाला. इंग्रजीत त्याचा ‘चेंबरलेन’ झाला, आणि तेच नाव इटलीत परतून ‘कामेर्लेंगो’ झालं. पोप निवर्तले की नवे निवडले जाईपर्यंत व्हॅटिकनचा कारभार याच पदाकडे असतो. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस गेल्याचं जगाला सांगितलं ते कामेर्लेंगो कार्डिनल फॅरल यांनी. उलट, त्याच शब्दाला साधा इटालियन प्रत्यय लागून झालेला ‘कामेरिएरे’ आणि त्याचा स्पॅनिश भाऊ ‘कामारेरो’ आज हॉटेलात ताट-वाट्या मांडतात. कुळ एकच, दरवाजाही एकच. एकाच्या हाती किल्ल्या आल्या आणि दुसऱ्याच्या हाती तबक.

सत्तेच्या आतल्या खोलीची नावं युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरला ‘तारांकित खोली’ होती, लॅटिनमध्ये ‘कामेरा स्टेलाटा’. सामान्य कायद्याच्या बाहेर, ज्युरीशिवाय चालणारं ते न्यायालय आधी बड्या जमीनदारांना वठणीवर आणणारं म्हणून लोकप्रिय होतं. पुढे तेच राजाच्या विरोधकांचे कान कापणारं झालं, आणि १६४१ साली पार्लमेंटने ते मोडून काढलं. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात विषप्रयोगाची प्रकरणं निघाली, तेव्हा १६७९ पासून तीन वर्षं त्यांची चौकशी ‘जळत्या खोली’ने केली. हे नाव अशा न्यायालयांच्या अंधाऱ्या, मशालींनी उजळलेल्या दालनावरून पडलेलं. आरोपांचा धूर राजाच्या जवळच्या माणसांपर्यंत जायला लागला, तशी ती खोली बंद झाली. स्पेनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातव्या फर्डिनंडभोवती जमलेल्या खुशमस्कऱ्यांना लोक ‘कामारिया’ म्हणू लागले, म्हणजे ‘छोटी खोली’. हा शब्द थोड्याच वर्षांत फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजीत गेला, कारण ती वस्तू प्रत्येक दरबारात होती.

आणि याच शब्दाने लोकप्रतिनिधींचं सभागृह ओळखलं जाऊ लागलं. इटलीची ‘कामेरा देई देपुताती’, हॉलंडचं ‘त्वेदे कामर’, फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकातलं ‘शांब्र’. तुर्कीतही ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन सभागृहांना ‘कामारा’च म्हणतात. व्यापाऱ्यांनी हा शब्द त्याआधीच घेतला होता: १५९९ साली मार्सेयमध्ये पहिलं व्यापारी ‘शांब्र’ झालं. १८३६ साली मुंबईत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स निघालं ते त्याच वंशातलं. त्याआधी दोनशे वर्षं, १६३७ च्या सुमारास, डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तिची पडझड झालेली वास्तू अजून उभी आहे. त्या वखारीचे मालक होते डच ईस्ट इंडिया कंपनीचे सहा ‘कामर’: अ‍ॅमस्टरडॅम, झीलंड, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्कहाउझेन. मिऱ्यांचा भाव कोकणच्या बाजारात ठरताना दिसायचा, पण त्याचा निर्णय उत्तर समुद्राकाठच्या सहा खोल्यांत झालेला असायचा. गोव्यातला पोर्तुगीज नगरकारभारही ‘कामारा’च्या नावाने चालला. हिंदीतला ‘कमरा’ पोर्तुगीजांकडूनच आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठीने पोर्तुगीजांकडून पगार घेतला, बटाटा घेतला, चावी घेतली, पण खोलीसाठी खोलीच ठेवली.

या शब्दाचा मला सर्वांत जवळचा वाटणारा अर्थ मात्र सत्तेच्या खोलीतला नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश फौजेत एका खोलीत राहणाऱ्या, एकत्र शिजवून खाणाऱ्या शिपायांच्या टोळक्याला ‘कामारादा’ म्हणत. शब्द स्त्रीलिंगी, कारण तो आधी त्या समूहाचा होता. नंतर तो समूहातल्या एकेकट्याचा झाला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत ‘कॉम्रेड’ झाला आणि विसाव्या शतकात जगभरच्या मोर्च्यांत गेला. मुंबईच्या गिरणगावात कॉम्रेड हा शब्द पोचला तेव्हा तिथले कामगार कसे राहत होते ते आठवावं. रत्नागिरीकडच्या एका गावाची मिळून एक खोली. एक पाळी सुटली की तिचे लोक झोपायचे, दुसऱ्या पाळीचे उठून जायचे. ट्रंका भिंतीशी रचलेल्या, कपडे दोरीवर, जेवण बाईच्या खानावळीत. १९२८ च्या संपात हीच माणसं सहा महिने टिकली ती या खोल्यांच्या आणि खानावळींच्या उधारीवर. त्यांच्यातल्या बहुतेकांना स्पॅनिश शिपाई माहीत नव्हते आणि माहीत असण्याची गरजही नव्हती. शब्दाने जे नातं सांगितलं होतं ते ती माणसं जगतच होती.

पण इथेही मुळाकडून काही ठरत नाही, हे सांगायलाच हवं. एकाच खोलीत राहणाऱ्यांच्या शब्दात समता आपोआप येत असती, तर स्पेनमध्ये फ्रँकोच्या ‘फालांखे’ या फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी एकमेकांना ‘कामारादा’ म्हटलं नसतं. जर्मन समाजवाद्यांनी ‘कामराड’ बाजूला ठेवून ‘गेनोसं’ हा वेगळा शब्द निवडला, कारण त्यांच्या कानाला ‘कामराड’मध्ये बराकीचा आवाज येत होता. त्याच जर्मन भाषेत ‘कामर’ला ‘गास’ हा शब्द लागून जे नाव झालं, ते आउशवित्झनंतर कुणालाही साध्या आवाजात उच्चारता आलेलं नाही. कोठाराची छोटी खोली, दार घट्ट लागणारी. या अर्थाची बीजं मुळात होती असं म्हणणं भाषेवर अन्याय आहे. ती बीजं माणसांनी आणली.

आता अंधाऱ्या खोलीकडे येतो. एका बाजूला बारीक भोक असलेल्या काळोख्या खोलीत बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं, हे पुष्कळ जणांना पुष्कळ आधीपासून माहीत होतं. अकराव्या शतकात कैरोत इब्न अल-हैसमने याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. १५४४ साली सूर्यग्रहण पाहताना लूवेंच्या गेम्मा फ्रिसियसने याच युक्तीने सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडली आणि पुढच्या वर्षी तिचं चित्र छापलं. पण ‘कामेरा ऑब्स्क्युरा’, अंधारी खोली, हे नाव घट्ट केलं ते १६०४ साली योहानेस केप्लरने, प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात. त्याने डोळ्याचीही फोड याच रीतीने केली: बाहुलीतून आत गेलेला प्रकाश मागच्या पडद्यावर उलटी प्रतिमा उमटवतो.

१६२० साली इंग्रज राजदूत हेन्री वॉटन लिंट्झला केप्लरला भेटला आणि त्याच्याकडचं एक यंत्र पाहून थक्क झाला. त्याने फ्रान्सिस बेकनला पत्रातून त्याचं वर्णन कळवलं. एक छोटा काळा तंबू, एका माणसापुरता, पवनचक्कीसारखा कुठल्याही दिशेला फिरवता येणारा. सगळीकडून बंद, फक्त दीड-एक इंचाचं भोक, त्यात बसवलेली नळी आणि नळीच्या टोकाला भिंग. आत कागद ठेवायचा, त्यावर पडलेलं दृश्य पेनाने गिरवायचं, मग तंबू थोडा फिरवायचा आणि पुढचा भाग घ्यायचा. अशा रीतीने केप्लरने चहूबाजूंचं निसर्गदृश्य कागदावर उतरवलं होतं. इथे खोली कापडाची झाली, पेलता येण्याजोगी झाली. पुढच्या दोनशे वर्षांत ती आणखी आकसून लाकडी पेटी झाली. आत माणूस मावेना, फक्त कागद मावू लागला आणि शेवटी प्रकाशाने स्वतः उमटणारा पत्रा. १८३३ च्या शरदात कोमो सरोवराच्या काठी हेन्री टॅलबटचा हात काही केल्या चित्र काढायला वळेना. त्याच्याजवळ ‘कामेरा ल्युसिडा’ होती, म्हणजे ‘उजळ खोली’. खरं तर ती खोली नव्हतीच, दांड्यावर बसवलेला एक लोलक होता. त्या वैतागातून प्रकाशालाच चित्र काढायला लावायची कल्पना त्याला सुचली.

मग इंग्रजीने ‘ऑब्स्क्युरा’ गाळलं आणि ‘कॅमेरा’ तेवढा ठेवला. ही गळती भाषेच्या दृष्टीने मोठी रंजक आहे. ‘अंधारी’ हे विशेषण खरं काम करत होतं, ते गेलं आणि ‘खोली’ हा जो भाग कुठल्याही खोलीला लागू होता तो उरला. इंग्रजांना हे जमलं, कारण त्यांच्याकडे खोलीसाठी ‘रूम’ आणि ‘चेंबर’ होते. ‘कॅमेरा’ हा परका शब्द मोकळा होता. इटालियन माणसाला मात्र हे करता येईना. त्याच्या घरात कामेरा म्हणजे झोपायची खोली. त्याने यंत्राला ‘माक्किना फोतोग्राफिका’ म्हटलं. फ्रेंच छायाचित्रकाराच्या गळ्यात ‘आपारेई’ असतो. ‘कामेरा’ म्हटलं की फ्रेंच माणसाला सिनेमाचं किंवा व्हिडिओचं यंत्र आठवतं. जर्मनने ‘कामर’ आणि ‘कामेरा’ असे दोन शब्द वेगळे ठेवले. रशियनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे तुरुंगाची कोठडी. रेल्वे स्टेशनवर सामान ठेवायची जागाही कामेराच. फोटो काढायचा तो ‘फोटोअपारात’ने. ज्या भाषेत शब्दाची मुळं सर्वांत खोल, तिथेच त्याचा नवा अर्थ रुजायला सर्वांत जड गेला. मूळ अर्थाला चिकटून राहणाऱ्यांनी यावर विचार करावा असं मला वाटतं.

हा सगळा गोतावळा मराठीत कसा आला? दोन वाटांनी. एक ‘चेंबर’. वकिलाचं चेंबर, व्यापाऱ्यांचं चेंबर, आणि आपल्या गल्लीत सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं, सांडपाण्याचं चेंबर. ‘चेंबर तुंबलं’ म्हटलं की कुणालाही समजतं. विटांनी बांधलेला, वरून झाकण असलेला तो खड्डा विट्रुव्हियसच्या छताची आठवण देतो, पण त्यात काही गंमत नाही. त्या झाकणाखाली उतरलेली माणसं वायूने गुदमरून मरतात. माणसाला असं उतरवणं बेकायदेशीर ठरवणारा कायदा २०१३ साली झाला आणि तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा बातमीत ‘चेंबर’ हा शब्द वाचताना त्याच्या राजेशाही कुळाचा काही उपयोग होत नाही.

दुसरी वाट ‘कॅमेरा’ची, आणि तिथे मराठी वर्तमानपत्रांत एक विलक्षण गोष्ट घडलेली आहे. ‘इन कॅमेरा सुनावणी’ म्हणजे बंद दाराआड, न्यायाधीशाच्या खोलीत, लोक आणि पत्रकार बाहेर ठेवून चाललेली सुनावणी. हा इंग्रजी कायद्यातला जुना लॅटिन वाक्प्रचार. इंग्लंडच्या दिवाणी नियमांनी तो आता टाकून साधं ‘खासगीत’ म्हणायला सुरुवात केली, पण आपल्याकडे तो टिकून आहे. आणि त्याच वर्तमानपत्रात, कधी त्याच पानावर, ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ असंही छापून येतं. तिथे अर्थ बरोबर उलटा: चित्रीकरण करत, पुढे पाहता यावं अशा रीतीने केलेलं शवविच्छेदन. लॅटिन जाणणारे याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. ज्या शब्दाने छतापासून कोठडीपर्यंत इतकी वळणं घेतली, त्याने आणखी एक घेतलं. हे वळण घ्यायला लावणाऱ्या लोकांची गरज खरी होती. कोठडीत माणूस मेला आणि डॉक्टरने ‘हृदयविकार’ लिहून दिलं, तर घरच्यांना कागदावर विश्वास ठेवणं शक्य नसतं. त्यांना यंत्राचा डोळा हवा असतो. ‘इन कॅमेरा’ या मागणीत त्यांनी भरलेला अर्थ कोशातल्या अर्थाइतकाच खरा आहे.

आणि बंद खोली तरी नेहमी एकाच बाजूची असते का? १९१३ साली ब्रिटिश लॉर्डांच्या सभेपुढे स्कॉट विरुद्ध स्कॉट हा खटला आला. विवाह रद्द करण्याची सुनावणी बंद दाराआड झाली होती. पत्नीने तिची नक्कल नवऱ्याच्या नातेवाइकांना पाठवली, म्हणून तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं होतं. लॉर्डांनी तिला सोडलं आणि ठरवलं की न्यायालयाचं दार उघडं असणं हाच नियम, बंद असणं हा अपवाद. मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’च्या संपादकांवर झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात एका साक्षीदाराने विनंती केली की आपली साक्ष छापून आल्यास धंद्याचं नुकसान होईल. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती छापू नये असा आदेश दिला. वार्ताहर नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने उच्च न्यायालयाला असा अधिकार आहे असं सांगितलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळं मत नोंदवलं. धंद्याच्या काळजीपायी साक्षीवर पडदा टाकणं मला आजही चुकीचं वाटतं.

पण १९८३ साली बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी ‘इन कॅमेरा’ व्हावी असा बदल फौजदारी प्रक्रिया संहितेत झाला, तो मी शंभर टक्के योग्य मानतो. त्या बदलामागे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर १९७२ साली झालेला अत्याचार होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर स्त्रियांची निदर्शनं झाली. त्या मुलीची बाजू कुणी ऐकायला तयार नव्हतं. तिच्यासारख्या दुसरीला निदान भरल्या कोर्टात टवाळीचा विषय न होता बोलता यावं, यासाठी दार लावून घेणं भाग होतं. दोन्ही प्रकरणांत दार लावायचाच प्रश्न होता, दोन्हीकडे कायद्याचा शब्दही एकच. एकीकडे त्याआड व्यापारी उभा होता, दुसरीकडे तिला उभं करायचं होतं. हा फरक शब्दाच्या मुळात कुठेही सापडणार नाही. तो दार कुणासाठी लावलं, हे विचारल्यावरच कळतो.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण करायला मान्यता दिली, आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढचे युक्तिवाद घरबसल्या पाहता येऊ लागले. लैंगिक अत्याचार आणि वैवाहिक वाद यांतून वगळले, ते बरोबरच झालं. शवविच्छेदनाच्या चित्रणाचं दार मात्र असं उघडलं नाही. १९९५ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सर्व राज्यांना कळवलं की कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करावं आणि कॅसेट अहवालासोबत आयोगाकडे पाठवावी. चित्रीकरण झालं की बातमीत ‘इन कॅमेरा’ लिहिलं जातं आणि लोकांचा राग निवतो. त्या चित्रणाची प्रत मृताच्या आईला, बायकोला, तिने नेमलेल्या डॉक्टरला मागताक्षणी मिळायला हवी. ती मिळण्याची मुदत नियमात लिहिलेली हवी, आणि प्रत नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लेखी द्यायला हवं.